स्वस्तातलं रीळ सर्व्हिसिंगनंतरही पुन्हा पुन्हा खरखरतंय? आधी आवाज शोधा

मासे गरवायचं रीळ खोललं, पुसलं, ग्रीस भरलं, बंद केलं. दोन-तीन खेपा मऊ फिरलं. मग एका संध्याकाळी खाडीवर पहिलीच गरी टाकली आणि हँडलमधून बोटांना परत तीच खरखर लागली. हजार-बाराशे रुपयांचं रीळ वापरणाऱ्या बहुतेकांना हे दुखणं ठाऊक असतं. माझ्या ४००० साइजच्या रिळानं दोन वर्षं मला हाच त्रास दिला. मी ते तीनदा पूर्ण खोललं आणि तिन्ही वेळा भलतीच जागा साफ करत बसलो.

मी रत्नागिरीचा. काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या तोंडाशी गरवतो. पाणी खारं, वारा खारा, आणि उभं राहायला जागा म्हणजे कालवं चिकटलेला कातळ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी वाळून जातं, मीठ तिथेच राहतं. तळ्यावर किंवा धरणावर गरवणाऱ्याचं रीळ वर्षभर न उघडता चालेल, आपलं चालणार नाही. म्हणून खाली लिहिलंय ते मुख्यतः खाऱ्या पाण्यात वापरल्या जाणाऱ्या स्पिनिंग रिळाबद्दल आहे.

माझे डोळे उघडले ते शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका काकांमुळे. त्यांच्याकडे पातळ तेल घ्यायला गेलो होतो, रीळ हातातच होतं. त्यांनी ते घेतलं, कानाजवळ धरून हँडलचे दोन फेरे मारले. मग मला तंगुसाचं, म्हणजे रिळावरच्या नायलॉनच्या दोऱ्याचं, टोक धरून ओढायला सांगितलं आणि परत दोन फेरे मारले. म्हणाले, "अरे, दोरा सैल असताना आवाज नाही, दोरा ताणला की आहे. मग आतल्या गिअरला तेल पाजून काय होणार? दोरा कुठे घासतो ते बघ." रीळ त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच हातात धरलं होतं.

तेव्हापासून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मी दहा मिनिटं फक्त आवाज ऐकतो. तुम्हीही हेच करा, निम्मं काम इथेच होतं.

स्पूल, म्हणजे तंगूस गुंडाळलेली फिरकी, काढून ठेवा आणि हँडल अगदी सावकाश फिरवा. खरखर तशीच असेल तर दोष आत आहे. स्पूल बसवून, तंगूस कुणालातरी धरायला लावून ताणावर फिरवल्यावरच खरखर येत असेल तर आधी लाइन रोलर बघा. आवाज स्पूलच्या वर-खाली होण्याशी जुळत असेल तर मधला दांडा किंवा त्याला सरकवणारा ठोकळा कोरडा पडलाय. आणि टक्-टक् असा ठोका असेल तर मोजा. समजा, तुमच्या रिळावर ५.२:१ लिहिलंय. म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरून तंगूस गुंडाळणारा भाग, पाच वेळा आणि वर थोडासा फिरतो. हँडलच्या फेऱ्यामागे एकच ठोका पडत असेल तर मोठ्या गिअरच्या एखाद्या दात्यात कण अडकलाय किंवा दाता दुखावलाय. फेऱ्याला पाचेक ठोके पडत असतील तर दोष पिनियनला (रोटर फिरवणारं लहान गिअर), त्याच्या बेरिंगला किंवा रोटरला. न उघडता एवढं कळतं.

लाइन रोलर: सगळ्यात लहान, सगळ्यात जास्त छळणारा

बेल म्हणजे तंगूस पकडून स्पूलवर आणणारी तारेची कमान. तिच्या टोकाला जिथून तंगूस वळून स्पूलवर जातो, तिथे करंगळीच्या नखाएवढी एक चकती असते. तो लाइन रोलर. प्रत्येक ओला, खारा, वाळू लागलेला मीटर त्याच्यावरूनच आत येतो. रिळाच्या सगळ्या भागांत खारं पाणी सर्वात जास्त हाच पितो, आणि सर्व्हिसिंग करताना सगळ्यात आधी विसरला जातो तोही हाच. मी तीन वेळा गिअरबॉक्स लखलखीत केला, पण रोलरचा स्क्रू एकदाही फिरवला नव्हता.

तपासायची सोपी युक्ती आहे. रोलरच्या कडेवर स्केचपेननं एक ठिपका काढा. तंगूस ताणून धरा, हँडल सावकाश फिरवा आणि ठिपक्याकडे बघत राहा. ठिपका फिरला तर रोलर जिवंत आहे. जागेवरच राहिला तर रोलर जाम आहे आणि तंगूस त्याच्यावरून घासत चाललाय. माझा ठिपका हलला नाही. मग कापसाचा बोळा रोलरवरून फिरवला, तर एका जागी धागे अडकून राहिले. भिंगातून पाहिलं तेव्हा केसाएवढी खाच दिसली. मागच्या पावसाळ्यात एक तांबोशी मासळी अगदी कातळाशी आणून तुटली होती आणि मी तंगुसाला दोष दिला होता. ती खाच पाहिल्यावर त्या तंगुसाची माफी मागावीशी वाटली.

रोलर काढताना पांढरा रुमाल किंवा ताट खाली ठेवा. एकच स्क्रू असतो, पण आत दोन-तीन बारीक वॉशर आणि बुशिंग असतं, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. प्रत्येक भाग निघेल तसा डावीकडून उजवीकडे ओळीत मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. स्वस्त रिळात रोलरखाली बहुधा बेरिंग नसतंच, नायलॉनची किंवा पितळेची नळी असते. ती साफ करून तेलाचा एक थेंब दिला तर ती उत्तम काम करते. खोक्यावर 'बॉल बेरिंग' लिहिलेलं नाही म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. खाऱ्या पाण्यात काळजी न घेतलेल्या बेरिंगपेक्षा नायलॉनची नळी जास्त दिवस टिकते, हे मी स्वतः बघितलंय. रोलरला खाच पडली असेल तर मात्र तो बदला. पॉलिश पेपरनं घासून खाच बुजत नाही, वरचा कडक मुलामा तेवढा निघून जातो.

माझी खरखर रोलर बदलल्यावर तीन चतुर्थांश गेली. उरलेली आत होती.

आत उघडल्यावर रंग वाचा

आतले भाग वेगवेगळ्या धातूंचे असतात आणि प्रत्येकाचा गंज वेगळ्या रंगाचा. पांढरी, खडूसारखी भुकटी दिसली तर ती मोठ्या गिअरच्या जस्ती मिश्रधातूची किंवा अॅल्युमिनियमच्या बॉडीची. तांबूस-तपकिरी डाग पोलादाचे, म्हणजे स्क्रू, दांडा, बेरिंग. हिरवट थर पितळेचा, म्हणजे बहुधा पिनियनचा. रंग ज्या जागी सर्वात दाट, तिथून पाणी आत शिरतंय. माझ्या रिळात पांढरी भुकटी हँडलच्या विरुद्ध बाजूला, झाकणाच्या टोपीखाली सापडली. त्या टोपीचं रबर कधीच फाटलं होतं. ते बदलायला दहा रुपये लागले.

गिअरमधलं जुनं ग्रीस बोटावर घेऊन चोळून बघा. मऊ आणि स्वच्छ असेल तर त्याला हात लावू नका. करडं, चकाकणारं असेल तर त्यात गिअरचा कीस मिसळलाय. दुधाळ, लोणी फुटल्यासारखं दिसत असेल तर पाणी मिसळलंय. अशा वेळी सगळं ग्रीस काढायचं. मी जुन्या टूथब्रशनं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करतो. पेट्रोल वापरणारे खूप जण आहेत, पण त्यानं रंग उडतो, काही प्लास्टिक खराब होतं आणि बंद खोलीत धोका असतो तो वेगळाच. अल्कोहोलही पेट घेतं. खिडकी उघडी ठेवा आणि देवघरातला दिवा, गॅस लांब असू द्या.

उघडताना दोन गोष्टी सांभाळा. स्क्रू मिठानं धरला असेल तर जोर लावू नका, त्याचं डोकं गोल झालं की संपलं. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाका, रात्रभर ठेवा, सकाळी खाचेत नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर दाबून फिरवा. आणि झाकण पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा. आतली एखादी केसासारखी स्प्रिंग उडाली तर पिशवीतच राहते, नाहीतर संध्याकाळभर फरशीवर चुंबक फिरवत बसावं लागतं.

मोठं गिअर बाहेर काढल्यावर रोटर हातानं फिरवून बघा. आता तो गिअरशिवाय फिरतोय, म्हणजे जी खरखर लागेल ती बहुधा पिनियनच्या बेरिंगची. बेरिंग अल्कोहोलमध्ये धुऊन, वाळवून, पातळ तेलाचे दोन थेंब देऊनही दाणेदार लागत असेल तर बदला. जुन्याचं आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी व्हर्निअरनं मोजून न्या. माझ्या रिळात हँडलच्या बाजूचं बेरिंग ७ बाय ११ बाय ३ मिलिमीटरचं निघालं, पण तुमचं मोजूनच घ्या. स्टेनलेस आहे की नाही हे बघायला काही जण चुंबक लावतात. ती परीक्षा इथे फसते. बेरिंगसाठी वापरलं जाणारं ४४० सी जातीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच.

खोक्यावर बेरिंगांची संख्या '१२+१' छापलेलं रीळ म्हणजे भारी, असाही एक समज आहे. तो +१ बहुधा हँडल उलटं फिरू न देणाऱ्या क्लचचा असतो आणि बाकीची काही बेरिंगं मुठीसारख्या बिनमहत्त्वाच्या जागी बसवून आकडा वाढवलेला असतो. पैसे मोजायचेच असतील तर मोठ्या गिअरच्या दोन्ही बाजूंना आणि पिनियनला चांगली, बंद झाकणीची बेरिंगं टाका. एवढं पुरतं.

ग्रीस कुठे, तेल कुठे

दाते एकमेकांवर घासतात तिथे ग्रीस. वेगानं फिरतं तिथे पातळ तेल. हा नियम त्याच काकांनी सांगितला, आणि मी तो मोडून पाहिलाय. पहिल्या सर्व्हिसिंगला मी गॅरेजमधलं ए.पी. ३ ग्रीस सगळीकडे थापलं होतं. ते गाडीच्या चाकाच्या बेरिंगसाठीचं दाट ग्रीस. रीळ जड झालं, आणि तिसऱ्या खेपेला मासा लागल्यावर हँडल उलटं फिरायला लागलं. क्लचच्या आत बारीक रोळ्या असतात, त्या चटकन अडकल्या तरच हँडल थांबतं. ग्रीसमध्ये त्या बुडल्या की घसरतात. तुमचं हँडल अधूनमधून मागे सटकत असेल तर बहुतेक वेळा हेच कारण समजा. क्लच अख्खाच बाहेर काढा, रोळ्या सुट्या करू नका. अल्कोहोलमध्ये खळबळून धुवा, पूर्ण वाळवा, आणि टाचणीच्या टोकावरून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या.

गिअरला पाण्यात न विरघळणारं, मध्यम दाटीचं मरीन ग्रीस सर्वात बरं. दात्यांच्या मध्ये ब्रशनं पातळ थर लावायचा, खड्डे भरायचे नाहीत. खोबरेल मात्र कुठेच नको. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं आणि आपल्याकडे थंडीतल्या पहाटे पारा तिथवर सहज उतरतो. घरातलं गोडं तेलही नको, हवेनं ते चिकट होतं आणि धूळ धरतं. गंज सोडवायचे फवारे मारून लोक खूश होतात कारण रीळ लगेच हलकं फिरतं. हलकं फिरतं ते आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून गेल्यामुळे. दोन-तीन खेपांनी खरखर परत येते ती त्यामुळेच.

बंद करताना प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना तांदळाच्या कणीएवढं ग्रीस लावा. पुढच्या वेळी तो स्क्रू हसत सुटेल.

टूथपेस्ट घालून गिअर पॉलिश करायची टूम हल्ली पाहायला मिळते. कृपा करून करू नका. स्वस्त रिळाचं मोठं गिअर मऊ धातूचं असतं. टूथपेस्टमधले कण त्याचा वरचा थर खातात, दात्यांमधली फट वाढते आणि काही महिन्यांत रीळ पूर्वीपेक्षा वाईट वाजतं.

हँडल मागेपुढे ढिलं लागत असेल तर मोठ्या गिअरच्या बेरिंगमागे ०.१ मिलिमीटरचा एक वॉशर टाकून बघा. गिअर पिनियनच्या जरा जवळ जातं. एकच टाका, बंद करून फिरवा. जड लागलं तर काढून घ्या. दोन-तीन एकदम टाकले तर दाते एकमेकांना चावतात.

ड्रॅग झटके देतोय

ड्रॅग म्हणजे स्पूलचा ब्रेक. मासा धावला की तंगूस सरसर सुटला पाहिजे. स्वस्त रिळात तो आधी अडतो आणि मग झटक्यानं सुटतो. जिताडा लागल्यावर पहिल्याच धावेत तंगूस तुटण्याचं हे नेहमीचं कारण.

आधी एक खात्री करून घ्या. ड्रॅग पूर्ण आवळूनही तंगूस सुटत असेल तर स्पूल फिरतंय का बघा. स्पूल स्थिर आणि वरचा गठ्ठाच फिरतोय, असं दिसलं तर ड्रॅग निर्दोष आहे. वेणीचा धागा, म्हणजे ब्रेड, गुळगुळीत स्पूलवर थेट गुंडाळला की असा घसरतो. खाली साध्या तंगुसाचे काही पदर घ्या आणि त्यावर ब्रेड बांधा.

दोष खरंच ड्रॅगचा असेल तर मोजता येतो. बॅगेचं वजन करायचा हँगिंग काटा तंगुसाला बांधून सावकाश ओढा. सुटायला सुरुवात होतानाचा आकडा आणि सुटत असतानाचा आकडा, दोन्ही बघा. माझ्या रिळात सुरुवातीला ३.४ किलो आणि पुढे २.२ किलो येत होते. हा फरक म्हणजेच तो झटका.

स्पूलमधली पकडस्प्रिंग काढली की चकत्यांची चवड निघते: धातूची, फेल्टची, धातूची, फेल्टची. धातूच्या चकत्या दोन प्रकारच्या असतात. काहींचं मधलं भोक चपट्या कडांचं असतं, त्या दांड्याला धरून स्थिर राहतात. काहींना बाहेर कान असतात, त्या स्पूलबरोबर फिरतात. त्या एकाआड एक असायला हव्यात आणि मध्ये प्रत्येक वेळी मऊ चकती. दोन धातू एकमेकांना लागले की ड्रॅग करकरतो. इथेही फोटो काढा.

धातूच्या चकत्या काचेवर १००० नंबरचा ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर गोल-गोल फिरवा. गंजाचे डाग जाईपर्यंतच. फेल्ट पाण्यानं फुगलेली, कडक झालेली असेल तर त्याच मापाच्या कार्बनच्या चकत्या मिळतात, त्या घाला. व्यास आणि जाडी मोजून मागवा. एवढ्या एका बदलात स्वस्त रीळ जितकं सुधारतं तितकं सगळी बेरिंगं बदलूनही सुधारत नाही. कार्बनवर ड्रॅगसाठीच्या ग्रीसचं नुसतं बोट फिरवायचं. माझा दुसऱ्यांदा मोजलेला आकडा २.४ आणि २.२ आला.

ड्रॅग किती आवळायचा? तंगूस जेवढ्या वजनाला तुटतो त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा. २० पौंडी, म्हणजे साधारण ९ किलोचा तंगूस असेल तर सव्वादोन ते तीन किलो. खडकात शिरणाऱ्या गोबऱ्यासाठी मी वरच्या बाजूला ठेवतो.

गुंता आणि गठ्ठा

तंगूस स्पूलच्या पुढच्या कडेला फुगत असेल तर स्पूलखाली एक पातळ वॉशर वाढवा. मागे तळाशी फुगत असेल तर एक काढा. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर कमी भरा. बेल हँडलच्या झटक्यानं बंद न करता हातानं बंद करा. बेलची स्प्रिंग टिकते आणि सैल पडलेला वेढा आत जात नाही. पीळ पडलाच असेल तर ओहोटीच्या धारेत टोकाला काहीही न बांधता साठ-सत्तर मीटर तंगूस सोडा, पाच मिनिटं ठेवा, मग दोन बोटांत धरून ताणानं गुंडाळून घ्या.

आणि मग धुणं

हे शेवटी लिहितोय, पण माझं रीळ पुन:पुन्हा बिघडायचं मूळ इथेच होतं. घरी आलो की मी रीळ नळाच्या जोरदार धारेखाली धरायचो. धारेनं बाहेरचं मीठ निघण्याऐवजी टोपीच्या फाटक्या रबरातून आणि रोटरच्या फटीतून थेट आत जायचं. स्वस्त रिळाला बहुधा पक्की सील नसतात. बादलीत बुडवणं तर त्याहून वाईट.

आता मी असं करतो. आधी ड्रॅग पूर्ण आवळतो, म्हणजे चकत्यांत पाणी शिरत नाही. रोपांना मारतात त्या फवाऱ्यानं गोड्या पाण्याचे हलके तुषार मारतो, ओल्या फडक्यानं पुसतो. लाइन रोलरवर मात्र हात सैल सोडतो, त्याला बोटानं फिरवत चार-पाच फवारे. झटकून, कोरड्या सुती फडक्यानं पुसून सावलीत ठेवतो. सुकल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करतो, नाहीतर चकत्या दबून चपट्या होतात. दोन-तीन खेपांनी रोलरला, बेलच्या सांध्यांना आणि मुठीला तेलाचा एकेक थेंब. रीळ ओल्या पिशवीत गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवायचं नाही. आणि पुळणीवर टेकवायचं नाही, मासा कितीही मोठा असला तरी.

मोठ्या गिअरचे दाते टोकदार झाले असतील, किंवा बॉडीलाच तडा असेल, तर खर्च थांबवा. पण ते रीळ भंगारात देऊ नका. त्याची बेल, स्प्रिंग, मूठ, स्क्रू, रोलर काढून एका डबीत ठेवा, कारण स्वस्त रिळांचे सुटे भाग दुकानात सहसा मिळत नाहीत. माझ्या चालू रिळाचा रोलर अशाच एका मेलेल्या रिळातून आलाय. ठिपका दर महिन्याला काढून बघतो. अजून फिरतोय.